दुसऱ्याच्या हातची काडतुसं

ऑर्विल: परत मागत नाहीये, मार्नी. फक्त बघायला मागतोय.

मार्नी: काडतुसं? बाबा, रविवारी तुम्हीच घरी भरून, डब्याला फीत बांधून ती जावयाला दिलीत. आता बघावीशी वाटायला लागली? माझ्या लग्नाचे फोटो कधी मागितले नाहीत ते बघायला.

ऑर्विल: डबा कुठंय? आणि जावईबापू कुठं आहेत?

मार्नी: जावईबापू ट्रॅव्हिस खडीच्या खाणीत गेलेत, रायफलीचा नेम तपासायला. उद्या एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतोय ना.

ऑर्विल: जॅकेट घाल. ट्रक चालूच ठेवलाय. फोन लाव त्याला.

मार्नी: खाणीत फोन लागत नाही. ही जागा त्याला तुम्हीच दाखवलीत, ‘इथं बायकोचा फोन येत नाही’ म्हणून. बसा आणि नीट सांगा काय झालं ते.

ऑर्विल: थोडी गडबड झालीय. दारूत.

मार्नी: बंदुकीच्या दारूत? तुमच्याकडून? अख्ख्या मोंटानात घरी बिनचूक काडतुसं भरणारा एकच माणूस आहे, असं आम्ही ऐकून होतो. त्याच्याच तोंडून.

ऑर्विल: टोमणे वाटेत मार.

मार्नी: इथंच मारते, वाटेत खड्डे फार आहेत. बोला.

ऑर्विल: शनिवारी संध्याकाळी छोट्या रायफलीसाठी भरत होतो. कुरणात बिळं करणाऱ्या गोफरांसाठी. थोडी दारू मापाच्या यंत्रात उरली. तेवढ्यात क्लेमचा फोन आला.

मार्नी: तुमच्या त्या दोस्ताचा फोन म्हणजे जेवणाची वेळ टळली. मग?

ऑर्विल: मग सकाळी एल्कच्या दारूची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि भरायला बसलो. वाटलं, यंत्रात तीच आहे. दोन्ही काळ्याच दिसतात.

मार्नी: म्हणजे गोफरची झटकन पेटणारी दारू, एल्कच्या मोठ्या मापानं. बाबा, मी शाळकरी असताना माझ्याकडून पाठ करून घेतलंत. टेबलावर एका वेळी एकच बाटली. उठायच्या आधी यंत्र रिकामं. शंका आली की सगळं ओतून पहिल्यापासून. जेवणाआधीची प्रार्थना विसरले तरी आई रागवायची नाही, पण हे विसरले की तुम्ही आठवडाभर बोलायचा नाहीत.

ऑर्विल: पाठ आहे ना? मग ती रायफल तुझ्या नवऱ्याच्या तोंडापाशी फुटू शकते, हे कळत असेल. कॉफी कसली ओततेस?

मार्नी: साखर नकोच ना?

ऑर्विल: मार्नी, हात जोडतो तुझ्यापुढे. मी त्याला नावं ठेवतो, त्याच्या टोपीला हसतो, सगळं खरं. पण त्या पोराला काही झालं तर मला या घरात तोंड दाखवता येणार नाही.

मार्नी: काही होत नाही त्याला. फ्रीजवरचं कपाट उघडा.

(ऑर्विल कपाट उघडतो. आत त्याच्याच हातचे डबे एकावर एक रचलेले आहेत. कुठल्याच डब्याची फीत सुटलेली नाही. सगळ्यात वर रविवारचा डबा.)

ऑर्विल: सगळे?

मार्नी: सगळे. वाढदिवसांचे, नाताळचे. तो दुकानातली वापरतो.

ऑर्विल: आणि गेल्या वर्षीचा एल्क? त्याच्या गोष्टीवर मी कॅफेत अख्खा हिवाळा काढला.

मार्नी: ‘बंदूक जावयाची, करामत माझी.’ आम्हालाही पाठ झालीय. ट्रॅव्हिस मान खाली घालून पॅनकेक खायचा बिचारा. तोही एल्क दुकानातल्याच काडतुसानं पडला.

ऑर्विल: म्हणजे माझ्या हातचं चालत नाही त्याला.

मार्नी: त्याला चालत होतं. मीच हात लावू दिला नाही. ‘दुसऱ्याच्या हातची काडतुसं आपल्या बंदुकीत घालायची नाहीत, पाद्री भरून घेऊन आला तरी.’ हे कोण म्हणायचं?

ऑर्विल: मी दुसरा झालो होय?

मार्नी: दोन वर्षांपूर्वी तुम्हाला दारू तोलायच्या काट्यावरचा आकडा वाचताना बघितलं. डोळे बारीक करून, नाक काट्याला टेकवून. आणि चष्मा शर्टाच्या खिशात. त्या दिवशी ठरवलं.

ऑर्विल: मला काही बोलली नाहीस.

मार्नी: तुम्हाला वाईट वाटलं असतं. महिनाभर तोंड फुगवून बसला असता.

ऑर्विल: बसलो असतो.

मार्नी: मग? प्या ती कॉफी. पण चूक लक्षात कशी आली? बाटलीत दारू कमी झाली नाही म्हणून?

ऑर्विल: नाही. आज सकाळी एक उडवलं.

मार्नी: कुणी?

ऑर्विल: कुणी म्हणजे? मी. त्याच दारूतली थोडी माझ्यासाठीही भरली होती. आवाजच वेगळा आला. मग रायफलीचा बोल्ट उघडेना. हातोडी घेऊन ठोकला तेव्हा उघडला. काडतुसाची पुंगळी फुगलेली, बुडातली ठिणगीची टोपी गायब. गालावर गरम वाफ आल्यासारखं झालं, बस.

मार्नी: इकडे या. खिडकीपाशी.

ऑर्विल: काही झालेलं नाही म्हटलं ना. कॉफी गार होतेय.

मार्नी: खड्ड्यात गेली कॉफी. तोंड वर करा. हे डोळ्याखाली काळं काय आहे?

ऑर्विल: धुतलं, पण जात नाही.

मार्नी: बोटभर वर असतं तर, बाबा?

ऑर्विल: बोटभर वर नाहीये.

मार्नी: दोन वर्षं मी डबे मोजून कपाटात ठेवतेय. नवऱ्याला एकाला हात लावू दिला नाही. आणि तुम्ही रोज उठून तीच उडवताय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

ऑर्विल: कसं येईल? मला तो नियम लागू नव्हता. माझ्या बंदुकीत तर माझ्याच हातची होती.

मार्नी: असं बोलू नका.

ऑर्विल: बरं, नाही बोलत. रडू नकोस, ट्रॅव्हिस आला तर त्याला वाटेल मीच काहीतरी बोललो.

मार्नी: चला तुमच्या घरी. यंत्र रिकामं करू, ती दारू परसात ओतू. भरलेली सगळी काडतुसं एकेक करून मोकळी करू. आणि काट्यावरचा आकडा यापुढे मी वाचणार.

ऑर्विल: वाच.

मार्नी: एवढ्या सहज? भांडणार नाही?

ऑर्विल: नाही. फक्त पुढच्या वेळी मला वाईट वाटू दे, मार्नी.