वरवरचा तुकडा

डॉक्टर : पहिला रिपोर्ट खोटा नव्हता हो. तुकडाच वरवरचा होता.

नवरा : पण त्यात स्वच्छ लिहिलं होतं, सगळं नॉर्मल!

बायको : आणि यांनी तो लग्नपत्रिकेसारखा घरोघरी वाटला.

डॉक्टर : दुर्बिणीतून चिमटा घेतात तो आतड्याच्या आतल्या अस्तराचा. आतडं पुढे ढकलणारे स्नायू, त्यांच्या नसा, सगळं त्याच्या पलीकडे. भिंतीचा रंग खरवडून आतली वायर जळलीय का, कळेल का?

नवरा : मग आता काय कळलं?

डॉक्टर : या ऑपरेशनमध्ये आरपार तुकडा घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली मीच बघितला. नसा ठीक आहेत, स्नायू झिजलाय. त्याच्या जागी नुसते चिवट धागे.

बायको : म्हणजे नखरे नाहीत?

डॉक्टर : नखरे कोण म्हणालं?

बायको : कोण नाही म्हणालं ते विचारा. सासूबाईंनी एवढं एरंडेल पाजलं, की मी चालले त्या रस्त्यावर गाड्या घसरायच्या. यांनी मनोविकारवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, बाई शहाणी आहे. तर यांनी त्यालाच बदललं!

नवरा : अगं, मी काय आत डोकावून बघणार होतो?

बायको : फुगलेलं पोट बाहेरून दिसत होतं की! बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. तीन वर्षं तेच लोक, तीच मी. बाळंत कधी होते याची वाट बघून थकले बिचारे.

नवरा : डॉक्टर, औषध सांगा.

डॉक्टर : झिजलेला स्नायू परत येत नाही. त्रास कमी करता येतो, तेवढंच. आणखी एक. काही घरांत हे मुलांत उतरतं. तुम्हाला?

बायको : एक मुलगी. होस्टेलवर असते. ती ठणठणीत आहे.

नवरा : तिचं... पोट फुगतं म्हणाली होती.

बायको : मला नाही बोलली!

नवरा : तू आजारी, म्हणून मला फोन केला.

बायको : मग तुम्ही काय म्हणालात?

(नवरा टेबलावरची, तुकडा लावलेली काचपट्टी उचलून उजेडात धरतो.)

बायको : अहो, काय म्हणालात?

नवरा : आईची नक्कल बंद कर, म्हटलं.

डॉक्टर : तिला बोलावून घ्या. आत्ताच फोन करा.

नवरा : हॅलो, बाळा... पोट कसं आहे तुझं?... अगं, नाही, रागावत नाहीये... ऐक तर... ठेवला.

बायको : काय म्हणाली?

नवरा : म्हणाली, काही दुखत नाही, बाबा. परत नाही सांगणार.