उघड्या आभाळाखालची फुग

माझा जन्म कसबा बावड्याचा, नदी आमच्या घरापासनं हाकंच्या अंतरावर, आन् काय सांगू तुम्हाला ताई, समुद्र मी पहिल्यांदा बघितला तवा माझं डोस्कं निम्मं पिकलं हुतं. पण समुद्राची खबर माझ्याकडं त्याच्या आधी कैक वर्षं हुती. रोजच्या रोज. आज खवळलाय, आज शांत हाय, आज मच्छीमारांनी जाऊ नये. गाव हसायचं मला. बावड्यात कुठला समुद्र, बावड्यात ऊस.

आमचा म्हातारा त्या उसातच राबला. तो सांगायचा, लहानपणी त्यांना गावच्या आडावर चढू देत नव्हते, वरनं कुणी ओतंल तेवढंच पाणी ओंजळीत घ्यायचं. नदी तेवढी कुणाला अडवत न्हाय, म्हणायचा. पुढं त्यानं दीक्षा घेतली, घरात बुद्धाची तसबीर आली, मग दारात नळबी आला, पण म्हाताऱ्याचं नदीचं येड काय गेलं न्हाय. आमाला चालाय यायला लागलं की पाठीला पत्र्याचा डबा बांधून नदीत टाकायचा. आई काठावरनं शिव्या घालायची आन् म्हातारा म्हणायचा, पाण्याला भिऊ नका, पण पाण्याम्होरं शानपणा करू नका. आन् बघा, त्याच म्हाताऱ्याच्या पोराला नोकरी लागली ती जॅकवेलवर.

जॅकवेल म्हंजे काठावरची ती उंच गोल विहीर, बघितली असंल तुमी पुलावरनं जाताना. नदीचं पाणी त्यात घ्यायचं आन् मोटरीनं वर कारखान्याला ढकलायचं. मोटरींचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाला शिवी दिली तरी त्यो आशीर्वाद समजून मान हलवंल. स्विचची खोली काठावर उंचावर. मग खालनं वर सांगायचं कसं? तर टॉवेल. टॉवेल दोन्ही हातांनी डोक्यावर आडवा ताणून धरला की बंद ठेव. गरागरा फिरवला की चालू कर. आमच्या सगळ्यांच्या खांद्यावर म्हणून तांबडा टॉवेल, लांबनं दिसाय पाहिजे.

मला हाताखाली घेतलेला माणूस सखातात्या. तोंडानं फाटका, पण पाण्यातलं त्याला कळायचं. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात चांगली उघडीप पडली, ऊन असं की भिताडं वाळली, आन् ह्यो तात्या म्हणतोय मोटरी वर घे. मी म्हटलं तात्या, आभाळात ढगाचा ठिपका न्हाय आन् मोटरी वर? तर म्हणाला, यशवंता, पाऊस डोक्यावर पडतोय तेवढाच पाऊस असतोय व्हय रं? खाली कृष्णा भरलीया. आपली पंचगंगा जाऊन टेकणार कुणाला? फुग येणार. मी हसलो. आन् दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख ऊन पडलेलं, वारा न्हाय, आवाज न्हाय, नदी गुपचूप वर सरकत आलती. व्हायची थांबली हुती आन् फुगत हुती. आमचं खालचं जोतं पाण्यात. पूर गरजत येतोय ते म्या बघितलतं, पण आवाज न करता आलेलं पाणी तवा पहिल्यांदा बघितलं. लांब कुठंतरी भरलेलं पाणी हितं उन्हात आपल्या पायाशी येतंय, ह्येला फुग म्हणत्यात.

त्यापायीच रेडिओ घेतला. राधानगरीला, गगनबावड्याला किती पाऊस पडला ते कळाय पाहिजे. बातम्या संपल्या की हवामान सांगायचं, आन् त्याच्या शेवटाला समुद्र. समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. सखातात्या म्हणायचा, बंद कर की त्यो, सेल जळत्यात. रंकाळ्याच्या तळ्यात होडी बांधलीयास व्हय रं तू? पण माझ्यानं बंद व्हायचं न्हाय. एवढं पाणी, ज्याला पलीकडचा काठच न्हाय, त्यो खवळतोय म्हंजे काय करत असंल? मी नदीकडं बघत बसायचो आन् मनात समुद्र करायचो. न्हाय व्हायचा.

आमची सुजाता, एकुलती एक. तिलाबी आजानंच डबा बांधून नदीत टाकली, आन् ती काय परत पाण्याभायेर आलीच न्हाय असं समजा. लोकं म्हणायची, यशवंता, पोरीचा मासा करतोस काय रं, कोण करून घेणार तिला? तिची आई, हौसा, तीबी कुरकुर करायची. पण पोरगी तलावातल्या शर्यतीत पहिली यायला लागली तसं सगळ्यांची तोंडं गप झाली. कॉलेजात गेल्यावर तिच्या मनानं घेतलं, समुद्रात पोहायचं. मालवणच्या अलीकडं एका गावाला हिवाळ्यात स्पर्धा असायची, ह्या किनाऱ्यावरनं निघायचं, खडकाळ टोकाला वळसा घालायचा आन् पलीकडच्या किनाऱ्याला लागायचं. दोन हिवाळं तिनं त्याच्यापायी गार पाण्यात काढलं. निघताना हौसानं मला दाराआड घेतलं आन् म्हणाली, तिला बक्षीस मिळू दे न्हायतर न्हाय, माझी पोरगी जशी न्हेताय तशी परत आणायची. बास. एवढंच बोलली.

फोंडा घाट उतरून एस्टीनं गेलतो आमी. आदल्या दिवशी रेडिओवर ऐकलतं, खोल समुद्रात वादळ हुतं पण ते लांब पश्चिमेला चाललंय, आपल्या किनाऱ्याला धोका न्हाय. मी खूश. गेलेलं पाणी मागं येत न्हाय, नदीकाठच्या माणसाचा हिशेब साधा असतोय.

सकाळी किनाऱ्यावर गेलो आन् काय सांगू तुम्हाला. मी एवढी वर्षं मनात समुद्र करत हुतो त्यो सगळा एका चुळीत मावला असता. डावीकडं बघा तर पाणी, उजवीकडं बघा तर पाणी, आन् समोर पाणी जाऊन आभाळालाच चिकटलेलं. मी हात जोडलं. कुणाला ते मला ठावं न्हाय. सुजाता हसली, म्हणाली आबा, हे बघा तुमचं रेडिओतलं गिऱ्हाईक. आन् समुद्र कसा, तर रंकाळ्यासारखा. वारा न्हाय, ढग न्हाय, नुसतं चकाकत पडलेलं. पोरं उड्या मारत हुती, होडीवाले फिरून आलते, म्हणत हुते लई झकास हाय.

तिथं वाळूत एक म्हातारी बसलीती, काष्टा मारून, मांडीवर लोखंडी आकडी, शेजारी रिकामी टोपली. टोकाच्या पुढं पाण्यात बुडलेला खडक हाय, त्याला ती लोकं खडप म्हणत्यात. ओहोटीला त्यो उघडा पडतोय तवा त्याच्यावरची कालवं काढायचं तिचं काम. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, मावशी, पाणी मागं गेलंय, समुद्र बी निवांत दिसतोय, मग तुमी बसून का? तिनं माझ्याकडं बघितलंबी न्हाय. म्हणाली, निजलो नाय तो झिला, श्वास धरून रवलोहा. म्हंजे त्यो निजला न्हाय पोरा, दम धरून ऱ्हायलाय. मी म्हटलं वादळ तर लांब गेलं, रेडिओवर सांगितलंय. तवा वळली. म्हणाली, वादळ गेला रे, तेची लाट मागसून येता. खयचे तुम्ही, कोल्हापूरचे काय?

लांब कुठंतरी भरलेलं पाणी, हितं लख्ख ऊन. मला सखातात्याच कानात बोलल्यागत झालं. मी म्हातारीशेजारी वाळूत बसलो आन् बघत ऱ्हायलो. बराच वेळ काय न्हाय. पोरं अंगाला तेल चोळतायत, कुणी माईक ठोकतंय. आन् मग लांब आभाळाच्या कडंला एक रेघ उमटली. काळी, सरळ, कुणी सुतानं मारल्यागत. तिच्या मागं आणिक एक. मागं आणिक. आवाज न्हाय, फेस न्हाय, नुसत्या चालत येतायत. पहिली खडपावर आली आन् ताई, ती तिथं उभी ऱ्हायली. पाणी उभं ऱ्हाताना म्या जन्मात बघितलं नव्हतं. भिताडासारखी हिरवीगार, उन्हात आरपार दिसणारी, आन् मग सगळीच्या सगळी खडपावर आपटली, त्याचा दणका वाळूतनं माझ्या बुडाला कळला. तीच लाट टोकापाशी मात्र येगळी. तिथं ती एका कडंनं फुटाय लागली आन् फुटत फुटत टोकाच्या कडंकडंनं अशी आत आली, चांगल्या बैलजोडीनं नांगराचं तास ओढावं आन् माती एका अंगाला उलटत जावी तशी. एकसारखी. कुठं तुटली न्हाय. मी भिऊन गेलतो आन् तरी माझ्या तोंडातनं शब्द आला, वा! अशी रांग आली, गेली, आन् परत समुद्र रंकाळा. कुणाचं ध्यानबी न्हाय.

मी सुजाताला म्हटलं, जायाचं न्हाय. टोक आन् खडप ह्येंच्यामधनंच वाट हाय तुमची, त्या रांगेत सापडलीस तर खडकावर आपटशील. मग संयोजकांना जाऊन सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, म्हणाले काका, दोन होड्या टोकापाशी जादा ठेवतो, पण समुद्र बघा की कसा हाय. त्यांचं काय चुकलं न्हाय, त्यांनी बघितला तवा त्यो तसाच हुता.

सुजातानं माझा हात धरून मला खाली बसवलं. आमी दोघं दुसरी रांग येईस्तवर बघत ऱ्हायलो. तिनं सगळं बघितलं. मग म्हणाली, आबा, फुग आल्यावर तुमी नदी सोडून घराकडं पळून येतासा व्हय? म्हटलं न्हाय. मग काय करतासा? मोटरी वर घेतो आन् बसतो. पाणी उतरलं की? चालू करतो. मग, म्हणाली, मीबी तसंच करते. टोकाच्या अलीकडं थांबते. पण पाण्यातनं मला रांग दिसायची न्हाय आबा, ती तुमाला दिसंल. टॉवेल हाय न्हवं खांद्यावर?

हौसाचं तोंड डोळ्यासमोर. मी उठलो आन् टोकाच्या खडकावर चढाय लागलो, पायातल्या वहाणा हातात घेऊन, हेच माझं उत्तर.

वरनं पोरं दिसाय लागली, पाण्यात नुसती डोस्की. त्यात पिवळी टोपी माझी. आन् लांब ती रेघ उमटली. मी टॉवेल दोन्ही हातांनी डोक्यावर आडवा ताणला. पिवळी टोपी थांबली. जागच्या जागी उभी पोहत ऱ्हायली, पुरात तिला आजानं शिकवलेलं तसं. बाकीची तिच्या अंगावरनं पुढं गेली. एकानं जाता जाता ओरडून विचारलं, दमलीस काय गं? तिनं तोंड टोकाकडंच ठेवलं. ताई, खाली लाटा माझ्या पायाखालच्या खडकाला धडकत हुत्या, खडक हालत न्हाय हे मला ठावं हुतं तरी हालतोय असं वाटत हुतं. जी पुढं गेलती त्यातली काही निघून गेली, काही लाटेत सापडली, गरागरा फिरली, मग होडीवाल्यांनी वर वढून घेतली. खारं पाणी प्यालती, खरचटलं हुतं, पण सगळी धड. आन् मी टॉवेल खाली घेतला न्हाय. एक लाट गेली, वाटलं संपलं, तर मागं मोठी. ती गेली, आणिक एक. माझी पोरगी तिथं पाण्यात उभी, माझ्या हाताकडं बघत. एवढा मोठा समुद्र आन् तिचा सगळा भरवसा एका तांबड्या फडक्यावर.

मग रेघ उमटायची थांबली. पाणी सपाट झालं. मी आणिक थोडं थांबलो, सखातात्या थांबायचा तसा, आन् मग टॉवेल फिरवला. गरागरा, खांदा निखळंस्तवर. पिवळी टोपी सुटली. टोक आन् खडपाच्या मधनं अशी गेली, सुईतनं दोरा जावा. मी खडकावरच बसलो आन् रडलो.

नंबर बिंबर काय न्हाय आला, शेवटाशेवटाला लागली ती किनाऱ्याला. भायेर आली, ओठ निळं, आन् म्हणाली, आबा, थांबल्यावर खालनं कळतंय की हो, पाणी आख्खं वर उचलतंय आन् खाली ठेवतंय, आई लेकराला ठेवते तसं. म्हातारी तिथंच हुती. तिनं सुजाताच्या पाठीवरनं हात फिरवला आन् मला विचारलं, कोल्हापुरात दर्या आसा काय रे झिला? म्हटलं न्हाय मावशी, फुग हाय.

आता मी कामातनं सुटलो. सखातात्या वारला, रेडिओ हाय. सुजाता तुमाला सगळ्यांना तलावात पोहाय शिकवते ते तुमी बघताच, आन् हिवाळा आला की तिकडं पोहाय जाते. आदल्या दिवशी तिचा मोबाईल येतो, आबा, काय म्हणतोय तुमचा समुद्र? मग मी बावड्यात बसून सांगतो, लांब वादळ हाय, ऊन बघून फसू नको, टोकाला थांब. हौसा आतनं म्हणते, झाली व्हय दोघांची आकाशवाणी.

ताई ताई म्हणत आलो, पण तू पोरच हाईस, आता तूच म्हणतो; तिनंच सांगितलं मला तुझ्याबद्दल. म्हणाली, आबा, एक पोरगी येते, बोलत कायच न्हाय, बाकीच्या उड्या टाकतात आन् ही काठावर उभी ऱ्हाऊन पाण्याकडं बघत असते. उभी ऱ्हा बाळ. लाजू नको. आमची बी उभीच ऱ्हायलीती, सगळी तिच्या अंगावरनं पुढं जात असताना. आन् एक दिवस तुला पाणी सपाट दिसंल, तवा ह्या म्हाताऱ्यानं टॉवेल फिरवला असं समज आन् उतर.