पिरॅमिडमधली रिकामी पेटी

आमच्या आईचं काय सांगू! दोन हजार पाचला ती नेदरलँड्समध्ये माझ्याकडे लायडनला आली होती, तेव्हा सुट्टीत तिला इजिप्त दाखवलं. पिरॅमिडच्या आत वाकून वाकून चढलो, तर वर एक अंधारी खोली आणि रिकामी दगडी पेटी.

"यातला माणूस कुठाय?" आईने विचारलं.

"अगं, इथली बरीच माणसं आता परदेशातल्या म्युझियममध्ये असतात."

ती कितीतरी वेळ तंद्री लागल्यासारखी भिंतीवरून हात फिरवत राहिली.

परत आल्यावर तिला लायडनच्या म्युझियममध्ये नेलं. तिथल्या ममीपुढे ती चपला काढून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तुमच्याकडे जाऊन आले हो. घर अगदी व्यवस्थित आहे. काळजी करू नका."

दर रविवारी पुण्याहून फोनवर मलाही हेच सांगते ना, अगदी त्याच आवाजात.