चिमट्याचा बाक

परभणीचा सायकल-मिस्तरी राधाकिशन चुडाव्याच्या ठेसनात तिकिटाच्या रांगेत उभा होता. पुढं दोन शेतकऱ्यांचं बोलणं रंगलं होतं.

“मुंजाजी, आज्याची जुनी सायकल चालू झाली म्हणं?”

“झाली! पुढल्या चाकाचा चिमटा लय वाकला व्हता. परभणीचा मिस्तरी म्हणला, भंगारात घाला.”

राधाकिशननं टोपी खाली ओढली.

“मंग?”

“लोहारानं तापवून सरळसोट केला, तर वळताना पाय चाकाला लागायलता! घरची म्हणली, चिमट्याला इळ्यावानी पुढं बाक असतोय, तेवढा द्या.”

“दिला?”

“दिला. आज हात सोडून ठेसनात आलो!”

राधाकिशनला राहवलं नाही. “पाव्हणं, तो मिस्तरी मीच. माझ्यावर कडी करणाऱ्या बाईंचं नाव काय?”

उखाण्याबिगर कधी न घेतलेलं नाव मुंजाजीनं भर रांगेत ठणकावलं, “दैवशाला!”