मुद्देमाल: तांब्याचे एक नाणे, नको तितके स्वच्छ

नाव व पत्ता सोबतच्या पानावर. वय सत्तावीस वर्षे. व्यवसाय नोकरी, वस्तुसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत धातूच्या वस्तूंचे जतन. सध्या सक्तीच्या रजेवर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, तक्रारदार माझे सख्खे काका आहेत. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. ते आणि माझे वडील मिळून चालवत. वडील मागच्या वर्षी वारले. तेव्हापासून दुकानात एकच खुर्ची असते.

गेल्या महिन्याच्या चार तारखेला सकाळी अकराच्या सुमारास काका प्रयोगशाळेत आले. चष्म्याच्या डबीत, कापसात गुंडाळलेले तांब्याचे एक जुने नाणे त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले. वडिलांच्या हत्यारांच्या खणात सापडले, असे सांगितले. "मोबाईलवर बघितलं मी. असलं एक नाणं विकलं की बंगला येतो," असे ते म्हणाले. तो व्हिडिओ मी पाहिला. बंगल्याचा मार्ग दाखवणारे गृहस्थ एका खोलीत बसले होते आणि त्यांच्या मागे दोरीवर कपडे वाळत होते.

बाहेरून आलेल्या वस्तूला शुल्क पडते, हे मी काकांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, "घरची पोरगी असताना पैसे मोजायचे?" शुल्क मी भरले. पावती जोडली आहे.

नाणे ताब्यात घेताना वजन १२.८४ ग्रॅम भरले. दोन्ही बाजूंचे व कडेचे फोटो घेतले. कडेवर एक खाच आहे. ती टाकसाळीतली नाही. भिंतीवरच्या काही जुन्या घड्याळांचे मागचे झाकण नाण्याने फिरवून उघडावे लागते. झाकणाच्या खोबणीत मधोमध एक उंचवटा असतो, त्यावरून साधे नाणे सटकते. म्हणून वडिलांनी कानशीने ही खाच पाडली. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि समोर बसले होते. अहवालाच्या छापील नमुन्यात 'दोष' असा रकाना आहे. खाच मी त्यात नोंदवली. दुसरा रकाना नव्हता.

नाण्यावर तांबे आतून खाणारा हिरवा, भुकटीसारखा गंज होता. तो सूक्ष्मदर्शकाखाली लाकडी काडीने काढला. त्याला नऊ दिवस लागले. खालचा तपकिरी थर तसाच ठेवला, कारण तो मळ नसून नाण्याची कातडी असते. शेवटी मेणाचा पातळ लेप दिला. वजन १२.७९ ग्रॅम. तशा नाण्याला बाजारात एका बऱ्या छत्रीइतकी किंमत येते. मी तसे फोनवर कळवले. काका म्हणाले, "छत्री?"

दुसऱ्या दिवशी ते आले आणि नाणे पाहून म्हणाले, "हे माझं नाही. माझं हिरवं होतं." त्यानंतर त्यांनी मी नाणे बदलल्याची तक्रार या ठाण्यात दिली. त्याच दुपारी माझ्या वरिष्ठांनी मला रजेवर पाठवले. चौकशी माझ्या बाजूने संपली तर नोकरी राहील, असे त्यांनी गोड आवाजात सांगितले.

नाणे ठाण्याच्या ताब्यात देताना मी कागदी पाकिटावर तीन सूचना लिहिल्या होत्या. उघड्या बोटांनी धरू नये. कोरड्या जागी ठेवावे. साफ करू नये. मुद्देमाल सांभाळणारे आणि हा जबाब लिहून घेणारे हवालदार एकच आहेत. त्यांनी आज अकरा वाजता पाकीट उघडले तेव्हा नाणे नव्या नळासारखे चमकत होते.

"दोन दिवस घासलं, मॅडम," हवालदार म्हणाले. "कोर्टापुढे माल कसा टापटीप पाहिजे."

"सूचना वाचल्या होत्या का?"

"वाचल्या ना. म्हणून तर बोट लावलं नाही. फडक्यानं धरलं."

येथे त्यांनी लिहिणे थांबवले. हेही लिहावे, अशी मी विनंती केली. त्यांनी लिहिले.

मी सोबत आणलेल्या काट्यावर नाणे १२.६१ ग्रॅम भरले. तक्रारदार म्हणून समोर बसलेले काका ठाण्याच्या साहेबांना म्हणाले, "बघा, वजनसुद्धा मारलं. माझं हिरवं, हिनं दाखवलं ते तपकिरी, आणि हे लालसर. तीन नाणी झाली, साहेब." एका नाण्याची तीन करण्याची विद्या मला अवगत नाही. असती तर मी रजेचा अर्ज स्वतःहून दिला असता. कमी झालेले ०.१८ ग्रॅम हवालदारांच्या खणातल्या फडक्यात आहे. ते फडके मुद्देमालात जमा करावे.

नोंदीसाठी साहेबांनी वेळ पाहिली. भिंतीवरचे घड्याळ बंद होते. ते म्हणाले, "काका, तुम्ही घड्याळवाले ना? तीन महिने झाले, जरा बघता का?" काकांनी घड्याळ उतरवून टेबलावर पालथे केले. बोलता बोलता, न बघता त्यांनी हात लांब केला, नाणे उचलले, अंगठ्याने कडेची खाच चाचपली आणि ती झाकणाच्या उंचवट्यावर बसवली. अर्धा वेढा डावीकडे. झाकण सुटले. "सेल द्या रे कोणी," ते म्हणाले, आणि हातातल्या नाण्याकडे पाहत राहिले.

साहेबांनी विचारले, "काका, नाणं कोणाचं आहे?"

काका म्हणाले, "दादाचं."

दादा म्हणजे माझे वडील. हे उत्तर तक्रारीतल्या 'माझे नाणे' या शब्दांशी जुळत नाही, एवढे नमूद व्हावे. काकांविरुद्ध मला तक्रार द्यायची नाही. या जबाबाची प्रत माझ्या कार्यालयास आजच पाठवावी.

घासल्यामुळे नाण्याला आता छत्रीचीही किंमत येणार नाही. ते कोणाच्या ताब्यात द्यावे, असे विचारले असता मी सांगते की, दुकानात द्यावे. तिथे ते वापरात राहील. जतनाच्या शास्त्राप्रमाणे हा सल्ला चुकीचा आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी 'नाणे ठाण्यात असताना उजळले' असे होते, तिथे 'हवालदारांनी घासले' अशी दुरुस्ती करून घेतली. बाकी मी सांगितले तसेच आहे. सही केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि ते चालू होते.