अण्णांचा विमानाचा रेडिओ

लायसनचा विषय निघाला की मला आमच्या शुक्रवार पेठेतले शिवलिंगअण्णा आठवतात. त्यांचा मुलगा पायलट. त्याचं विमान सोलापूरवरून जायचं. मुलाचा आवाज ऐकू यावा म्हणून अण्णांनी मुंबईहून पायलटांचं बोलणं पकडणारा हातात मावेल एवढा रेडिओ आणला आणि आधी पोस्टात लायसन मागितलं; तेव्हा घरच्या रेडिओचं लायसन पोस्टातच मिळायचं.

कारकून म्हणाला, "हे आमच्यात बसत न्हाय, अण्णा. दिल्लीला लिवा की."

अण्णांनी लिहिलं. वर्षभरानं उत्तराऐवजी पोलीसच आले. मी तिथंच होतो. फौजदारानं रेडिओ उचलला आणि दरडावलं, "काय काय ऐकलंत यावर?"

अण्णांना रडू फुटलं. "एकदाबी लावला न्हाय, साहेब. लायसन कुटं आलं हुतं?"