तोंडावर सांगून जावं

जन्म माझा कणकवलीकडचा, पण काय सांगू तुम्हाला ताई, लहानपणाचं कुणी विचारलं ना की डोकंच फिरतं माझं. माझी स्नेहल कॉलेजात मानसशास्त्र शिकते, तिला सरांनी सांगितलं, माणसाच्या वाढीचे टप्पे घ्या नि घरच्यांच्या आयुष्याला लावून बघा. आली माझ्याकडे. म्हणे आई, पहिला टप्पा विश्वासाचा, तान्ह्या पोराला आई जवळ घेते, तिथून त्याचा जगावर विश्वास बसतो. म्हटलं, जवळ घेते? कुणाची?

आमच्यात तेव्हा तशीच पद्धत होती, बाप गिरणीत, मागून आई मुंबईला, पोरगी गावी आजीकडे. भाऊ झाला, त्याला ठेवला जवळ, मी राहिले तिथेच. आई यायची गणपतीत, आणि जायच्या दिवशी मला म्हणायची, जा गे बाय, दुकानातून साखर घेऊन ये. मी पळत जायची, पळत यायची, तोवर एसटी गेलेली. पोर रडू नये म्हणून हो, सगळ्याच बाया करायच्या. पण दरवर्षी? आणि मी गाढव, दरवर्षी जायची.

स्नेहल म्हणते, पुढे स्वतःचं स्वतः करायचा टप्पा, मग ओळखीचा, मग जोडीदाराचा. झाले ना सगळे! अंधेरीला एमआयडीसीत पॅकिंगला लागले, लग्न झालं, नवरा भला माणूस, पण बाजारात जाऊन येतो म्हणाला की अजून मी तो परत येईस्तोवर दारातच उभी. लाव म्हटलं कुठल्या टप्प्याला लावतेस ते.

आई भावाकडे असायची, बोरिवलीला. लाडका ना तो! मध्ये त्याने मला बोलावून घेतलं, किचनमध्ये नेऊन हळूच म्हणतो, अक्का, आईला आश्रमात ठेवतोय, देवळात जातोय सांगू, म्हणजे रडारड नको. असली सणकले ना मी! म्हटलं, चल बाहेर, तिच्या तोंडावर सांग. हाताला धरून आणला आईसमोर, तरी देवळाचंच सांगायला लागला. आई विचारते, खयच्या देवळात रे? शेवटी मीच बोलले, देऊळबिऊळ काय नाय, आश्रमात टाकतोय हा तुला, नको असेल तर ऊठ, माझ्याकडे चल. रडली खूप. रडू दिली. मग उठली.

आता आहे माझ्याकडे. स्नेहल विचारते, म्हणजे आजीला माफ केलंस ना? नाय केलं, लिही तसंच, तुझ्या सरांना आवडो न आवडो. देव म्हातारीला सुखाने नेवो, एवढंच. चला, उठते ताई, तिचं जेवण राहिलंय, माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाय ती.